वारस क्रमांक दोन

श्रीगोंदा,
मंगळवार, दि. १ डिसेंबर १९९८

तीर्थरूप रंभाजीमामा यांस,

मच्छिंद्रचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

आई बरी आहे, मी बरा आहे, शेळी व्याली, दोन्ही पिल्ले चांगली आहेत. तुमची प्रकृती कशी आहे असे विचारायला पेन उचलले आणि बराच वेळ तसाच बसलो. ज्याने तुम्हाला मागच्या महिन्यात छापील कागदावर कैलासवासी केले, त्यानेच आता प्रकृती विचारावी हे माझे मलाच बरे दिसेना. तरी रीत म्हणून विचारतो. गुडघा कसा आहे? तुमचे कार्ड गेल्या बुधवारी मिळाले. कार्डावर जागा थोडी आणि राग जास्त, त्यामुळे शेवटच्या चार ओळी पत्त्याच्या बाजूला आल्या आहेत. त्या आमच्या पोस्टमनने माझ्याआधी वाचल्या आणि कार्ड हातात देताना माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. खाली सही तुम्ही 'कै. रंभाजी' अशी केली आहे. ती चेष्टा असावी असे मी धरून चालतो. (आईला कार्ड वाचून दाखवताना तेवढे अक्षर गाळले.)

कार्डात तुम्ही दोनच प्रश्न विचारले आहेत. पहिला, माझे डोके ठिकाणावर आहे काय. दुसरा, ही छबूबाई कोण. दोन्हींची उत्तरे द्यायची आहेत, पण दुसऱ्याचे उत्तर पहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहितो. मी फार दमलो आहे, मामा. पत्र लांबले तर सावकाश वाचा, आणि या खेपेला कृपा करून मोठ्याने वाचू नका.

तुम्ही ओळख लावून मला कारखान्याच्या सभासद विभागात रोजंदारीवर चिकटवलेत, ते तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. त्या विभागात यंदा दोन संगणक आले. टेम्पोतून उतरवताना नारळ फोडला, खोलीला पडदे लावले, आणि चपला बाहेर काढायचा नियम झाला. अकरा हजार सभासदांची नावे, गावे आणि वारस जुन्या रजिस्टरांतून त्यात भरली गेली. कार्यालयाचे मुख्य आमचे भाऊसाहेब. त्यांनी 'आधी मी शिकतो, मग तुम्हाला शिकवतो' असे जाहीर केले आणि पहिल्याच आठवड्यात, एका दुपारी, कसलीशी एक कळ दाबून एका अख्ख्या गावाला मयत करून टाकले. एकशे सत्तेचाळीस माणसे. संगणक शिकवायला नगरहून सोमवारी आणि गुरुवारी यशोधरा मॅडम येतात. त्यांनी जपून ठेवलेल्या फ्लॉपीवरून ते गाव दुसऱ्या दिवशी परत जिवंत केले. भाऊसाहेबांनी त्यानंतर संगणकाला हात लावलेला नाही. ते आता मागे उभे राहून सांगतात.

तेव्हा मॅडमनी ठरवले की शिकणाऱ्यांसाठी वेगळे खाते उघडायचे. संगणकात शिरताना खरे नाव आणि परवलीचा शब्द घातला तर खरे रजिस्टर उघडते, आणि 'सराव' असे नाव घातले तर तसेच दिसणारे दुसरे, रिकामे रजिस्टर उघडते. त्यात माणूस भरा, खोडा, मारा, परत उठवा, खऱ्या रजिस्टराला धक्का लागत नाही. पडद्यावर वरच्या अंगाला लाल अक्षरांत 'सराव' असेही येत राहते. मॅडम म्हणाल्या, "मच्छिंद्र, इथे घाबरायचं नाही. इथे तुमच्या हातून काहीच बिघडू शकत नाही." माझ्या हातून काहीच बिघडू शकत नाही असे मला जन्मात कोणी म्हटले नव्हते. मी घरी येऊन आईला सांगितले. आई म्हणाली, "बग बाबा, तरीबी जपून."

आता खरी चूक सांगतो. सरावासाठी सभासदाचे नाव 'अबक', गाव 'कखग' असे काहीही लिहा, असे मॅडमनी सांगितले होते. ते मला लिहवेना. तुम्हाला माहीत आहे, रेशनकार्डावर एका कारकुनाने माझे नाव घाईत चुकीचे लिहिले, तेच शाळेच्या दाखल्यावर उतरले आणि ते सरळ करून घ्यायला वडिलांनी तीन वर्षे खेटे घातले. तेव्हापासून सरकारी असो की सरावाचा, कागदावर मी खोटे नाव घालू शकत नाही. हात थांबतो. म्हणून खरा माणूस घ्यायचा ठरवले. त्या गुरुवारी धडा होता मयत सभासदाचा. कोणाला घ्यावे? परका माणूस घेतला आणि कोणी पाहिले तर भांडण. वडील आधीच गेलेले, त्यांना मयत करण्यात सराव कसला. आईचे नाव घालवेना. उरला तुमच्याइतका हक्काचा दुसरा कोण? म्हणून तुम्हाला आमच्या कारखान्याचे सभासद केले (पत्ता बेलापूरचाच, पिनकोडसकट, कारण खोटा पत्ताही लिहवत नाही) आणि पुढच्या पानावर मयत केले. तारीख त्याच दिवसाची घातली. वेळ विचारली नाही, त्याचे बरे वाटले.

मयताच्या मागोमाग वारसांचे पान उघडते. वारस क्रमांक एक म्हणून चांगुणामामींचे नाव घातले. दुसऱ्या वारसाचे पान शिकायचे होते म्हणून दुसरे नाव हवे होते. तुमची निकिता आहे, पण ती अकरा वर्षांची. अज्ञान वारसाला पालकाचे वेगळे पान लागते आणि ते मॅडम पुढे कधीतरी शिकवणार होत्या. मी विचार करत बसलो असताना छबूबाई चहा घेऊन आल्या. छबूबाई म्हणजे आमच्याकडे झाडलोट करतात आणि चहा करतात त्या. वय बासष्ट, पुढचे दोन दात नाहीत. त्यांनी विचारले, "काय अडलं रं?" मी म्हटले, एक नाव पाहिजे. त्या म्हणाल्या, "मग माजं लिव्ह की. माजं नाव कुटंच न्हाई बग, पगाराच्या कागदावरबी आंगठाच हाय." मी लिहिले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पडद्यावर बोट ठेवून दाखवले. त्या खूप वेळ पाहत उभ्या राहिल्या, चहा निवला.

आणि इथे माझे लक्ष उडाले, मामा. नाव लिहिले की पुढे 'नाते' अशी चौकट येते आणि तिच्यात आधीपासूनच 'पत्नी' भरलेले असते. बहुतेक सभासद पुरुष, मरतात तेही पुरुष, तेव्हा सोय म्हणून तसे केले आहे. मामींच्या वेळी ते बरोबरच होते. छबूबाईंच्या वेळी ते बदलायचे राहिले.

शेवटी पडद्यावर प्रश्न आला : 'वारसांना सांत्वनपत्र छापायचे काय? होय / नाही.' एखादा माणूस गेल्यावर सांत्वन करायचे काय असे विचारल्यावर 'नाही' म्हणणे मला जमले नाही. त्यातून तुम्ही मामा. मी 'होय' केले. छपाईचे यंत्र बंद होते, काहीच बाहेर आले नाही. मला वाटले, सरावात छपाईही खोटीच असेल, आणि मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जावक टेबलावरच्या ज्ञानेश्वरने यंत्र सुरू केले, तेव्हा त्यात अडकून राहिलेले तुमचे पत्र आधी बाहेर आले आणि त्याच्या मागून सात खऱ्या मयतांची. पडद्यावरचा लाल 'सराव' कागदावर उमटत नाही, हे तोवर कोणाच्याच लक्षात आले नव्हते. ज्ञानेश्वरने आठही पत्रांवर शिक्का मारला, सहीचा रबरी ठसा उठवला, जावक क्रमांक घातले (तुमचा ४१२) आणि पोस्टात टाकली. तो कामाला फार चोख आहे. एरवी पत्रे आठ-आठ दिवस पडून असतात.

पुढचे तुम्हीच कार्डात लिहिले आहे. पाकीट तुमच्याच हाती पडले. स्वतःच्या मरणाचे पत्र पाहून तुम्हाला हसू आले आणि ओट्यावर चारचौघांना बोलावून तुम्ही ते मोठ्याने वाचायला घेतले. 'ज्येष्ठ सभासद कै. रंभाजी यांच्या दुःखद निधनाने' इथपर्यंत सगळे हसत होते, मामीसुद्धा. मग त्याच भरात तुम्ही खालचे वारसही वाचलेत. क्रमांक एक, चांगुणा, पत्नी. क्रमांक दोन, छबूबाई, पत्नी. मामा, तुम्ही तिथे थांबायला हवे होते. चूक माझीच आहे, तरीही तुम्ही थांबायला हवे होते.

मामी निकिताला घेऊन माहेरी गेल्या हे कळल्यावर मी तुमच्या शेजारच्या किराणा दुकानात दोनदा फोन लावला. दुकानदाराने दोन्ही वेळा "कोन, छबूबाईकडून का?" असे विचारले, तेव्हा ठेवून दिला. तार करणार होतो, पण तुमच्या घरी आता तार आली तर लोक ती उघडण्याआधीच रडायला लागतील. शेवटी रविवारी सकाळी एस.टी.ने पारनेर आणि तिथून दुसऱ्या गाडीने राळेगणसिद्धीला मामींच्या भावाकडे गेलो. त्याआधी गुरुवारी यशोधरा मॅडमनी मामींच्या नावे साध्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या, की हे सगळे सरावाच्या खात्यातले आहे, यात काही खरे नाही. (कारखान्याच्या छापील कागदावर लिहू द्या असे त्यांनी सांगून पाहिले. भाऊसाहेबांनी दिला नाही. एक कागद गेला तेवढा पुरे, असे ते म्हणाले.)

मामी शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, पण भाकरी वाढली. सबंध जेवण होईपर्यंत त्या माझ्याशी नाही, समोरच्या म्हशीशी बोलल्या. म्हशीला म्हणाल्या, "आला बग कारकून. मला इधवाबी केली आन् सवतबी दिली. एकाच कागदात. दुसरं कुनी आसतं तर दोन कागद लागलं आसतं."

मी म्हटले, मामी, मामा जिवंत आहेत.

"ते मला ठावं हाय. मीच रोज भाकरी थापीत हुते त्याला. पर कारखाना म्हनतो मेला. मंग मी कशाला जाऊ तिकडं? मेलेल्याच्या घरी दुसरी ऱ्हाईल की."

भाऊसाहेबांनी मला एक तोड सुचवली होती, ती मी काढली. आजीला कावळा शिवला होता तेव्हा तुम्ही आईकडे आजी गेल्याचा खोटा निरोप धाडला होता. आई रडत बेलापूरपर्यंत आली आणि आजीनेच तिला दारात पाणी दिले. तसेच समजा, मामांना कावळा शिवला, संकट टळावे म्हणून मरणाची बातमी दिली. मामींनी शेंगा खाली ठेवल्या. तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिले.

"कावळा शिवला म्हनं. आरं, कावळा मरान आनतो. कावळा कवा सवत घिऊन आलाय का?"

मग मॅडमचा कागद वाचून दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "शिक्का कुटं हाय?" मी म्हटले, नाही. "म्हंजी खोट्याला शिक्का हाय आन् खऱ्याला न्हाई. ठिव तुज्यापाशी." निघताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि पिशवीभर शेंगा दिल्या. गोष्ट काय सांगितली ते खाली लिहितो. शेंगा आईला आवडल्या.

सोमवारी कामावर आलो तर इकडे दुसरेच. मॅडमनी सरावाच्या खात्यातून तुम्हाला एका मिनिटात काढून टाकले होते. आता त्या खात्यातून कागद निघाला तर त्यावर आडवा, बोटभर उंचीचा 'सराव' छापून येतो, तीही सोय त्यांनी केली. मला म्हणाल्या, "हे मी आधीच करायला हवं होतं. चूक माझीही आहे." असे मला या कार्यालयात प्रथमच कोणी म्हटले. मी म्हटले, नाही मॅडम, नाते मीच भरले. पण भाऊसाहेबांचे म्हणणे निराळे. संगणकातले काय असेल ते असो, जावक रजिस्टरात ४१२ नंबर शाईने पडला आहे, आणि गेलेल्या कागदाला उत्तराचा कागद आल्याशिवाय तो नंबर मिटत नाही. मला कायम करण्याचा कागद सहीसाठी तयार आहे. तो त्यांनी ४१२ च्या फाइलखाली ठेवला आहे. मला रोज दिसतो. एक कोपरा बाहेर आलेला आहे.

उत्तराचा नमुना त्यांनी स्वतः सांगितला आणि मी लिहून घेतला. तो असा : 'आम्ही खाली सह्या करणार, कै. रंभाजी यांच्या दोन्ही पत्नी, लिहून देतो की आमचे पती हयात आहेत.' मी म्हटले, साहेब, असे लिहिले तर एक चूक मिटेल आणि दुसरी पक्की होईल. ते म्हणाले, "पत्रात जसं, उत्तरात तसं. नाहीतर मेळ कसा लागणार?" मी दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा करण्याचे बळ राहिले नाही. नमुना सोबत जोडला आहे. छबूबाईंनी त्यांचा अंगठा उठवला आहे. उठवण्याआधी त्यांनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. त्यांचे मालक जाऊन सव्वीस वर्षे झाली. म्हणाल्या, "खोटं आसू दे रं. आयकाया बरं वाटतं."

तर मामा, हे असे झाले. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे यात आली असावीत. तुमचे कार्ड वाचताना सगळ्यात जास्त वाईट कशाचे वाटले असेल तर ते शिव्यांचे नाही. तुम्ही एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले आहे की 'भाकरी थापता येत नाही, पाव खातो, गायही दूध चोरते'. ते वाचून मला त्या दिवशी जेवण गेले नाही. मी सगळे सरळ करीन. हे पत्र मी हाताने लिहिले आहे आणि स्वतः पेटीत टाकणार आहे.

मामी परत आल्या की त्यांना माझा नमस्कार सांगावा, निकिताला आशीर्वाद. आईने तुम्हाला गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकायला सांगितले आहे.

तुमचा अपराधी भाचा,
मच्छिंद्र

ता. क. १ : मामींनी निघताना सांगितलेली गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, धीर होत नव्हता. त्या म्हणाल्या, "कागूद नगं, शिक्का नगं. त्या बाईला बेलापूरला माज्या घरी, माज्या चुलीपुढं हुबी कर. तिनं सोताच्या तोंडानं सांगावं. मंग मी बगते." म्हणून गुरुवार ठरवला आहे. मामी त्या दिवशी दुपारपर्यंत बेलापूरला पोहोचतील. मामींची सहीही त्याच वेळी व्हावी असाही त्यात माझा विचार आहे.

ता. क. २ : छबूबाई गुरुवारी सकाळी सहाच्या गाडीने निघतील. नगर, श्रीरामपूर अशा गाड्या बदलत दुपारी तुमच्याकडे येतील. मी बरोबर येऊ शकत नाही, कारण त्याच दिवशी मॅडम अज्ञान वारसाचे पान शिकवणार आहेत आणि ते चुकवले तर पुन्हा असे काही होईल. छबूबाई त्या बाजूला प्रथमच येत आहेत, त्यामुळे ठेवणीतले लुगडे नेसणार आहेत, हिरव्या बांगड्या भरल्या आहेत आणि कपड्यांची पिशवीही घेतली आहे (दोन दिवस राहीन म्हणतात). रस्ता सापडला नाही तर 'रंभाजीचे घर कोणते' असे त्या किराणा दुकानात विचारतील. दुकानदाराने 'तुम्ही कोण' असे विचारले तर नाव सांगू नका, असे मी त्यांना बजावले आहे. त्या म्हणाल्या, "का? नाव तर आता छापून आलंय."

ता. क. ३ : टपालाला इथून तुमच्याकडे यायला चार दिवस लागतात हे आत्ता पाकीट चिकटवताना लक्षात आले. तेव्हा हे तुमच्या हाती पडेल तोवर गुरुवार होऊन गेलेला असेल, आणि जे व्हायचे ते झाले असेल. बरे झाले असल्यास सोबतच्या नमुन्यावर मामींची सही किंवा अंगठा घ्यावा. छबूबाईंच्या शेजारी जागा सोडली आहे. वाईट झाले असल्यासही घ्यावा, कारण फाइल त्यावाचून हलत नाही. सगळ्यात खाली 'मयताची सही' असे लिहिले आहे, तिथे तुम्ही स्वतः सही करायची आहे. फक्त एवढे करा मामा, या खेपेला नावाआधी 'कै.' लिहू नका. इथे लिहिलेले सगळे खरे धरतात.